सरळ गुडघा, लांब गाडी

मी आता जे सांगणार आहे ते कोणालाही खरं वाटणार नाही. वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. खरं वाटलं की माणूस मान डोलावतो आणि उठून जातो. खोटं वाटलं की 'मग पुढे काय झालं?' म्हणत बसून राहतो. निवृत्त माणसाला बसून राहणारा ऐकणारा हवा असतो. तर ऐका. ज्या गाडीला पाहून एके काळी भले भले दरोडेखोर आपणहून रस्त्याच्या कडेला थांबायचे, ती गाडी मी विकत घेतली. मी, म्हणजे ज्याला जिन्यातली मांजरसुद्धा वाट देत नाही, तो.

माझी सगळी नोकरी पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात गेली. पंखा कुरकुरतो, पंखा फिरत नाही, पंखा फिरतो पण वारा येत नाही, अशी पत्रं यायची आणि 'आपल्या पंख्याची आम्हांला मनापासून काळजी आहे' असं उत्तर मी धाडायचो. जन्मात न पाहिलेल्या पंख्यांबद्दल इतक्या आपुलकीनं लिहिणाऱ्या माणसाकडून पुढे काटेकोर सत्याची अपेक्षा धरणं बरं नव्हे. आमची ही मात्र नेमकी उलटी. ती अन्नातली भेसळ शोधणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दुधात पाणी, तिखटात विटेची पूड, मधात साखर, हे हुडकून काढण्यात तिची हयात गेली, आणि घरी आल्यावरही हात काही थांबत नसे. मी पाहुण्यांसमोर रंगात येऊन सांगत असायचो की पुराचं पाणी बघता बघता गळ्याला लागलं. तेवढ्यात आतून आवाज यायचा, "घोट्याला. आणि पूर नव्हता, गच्चीवरची टाकी फुटली होती."

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. मग सवय झाली. मग, खरं सांगायचं तर, मी तिच्यासाठीच थापा मारायला लागलो. पाहुणे निमित्ताला. थाप कितीही सुबक रचा, ती पकडणारं घरात कोणी नसेल तर तिला चव नाही.

गाडीसुद्धा घरात तीच चालवायची. नमुने गोळा करायला गावोगाव हिंडावं लागे, त्यामुळे हात तयार होता. आमची इवलीशी गाडी ती गर्दीतून अशी काढायची की सुईत दोरा ओवावा. मी शेजारी बसून काच खालीवर करायचो आणि रस्ता चुकीचा सांगायचो. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण ते आहे हे गाडीला कधी पटलेलं नाही.

मग हिचा गुडघा गेला. डावा. पडल्याचं निमित्त झालं, एक ऑपरेशन झालं, ते बिघडलं म्हणून दुसरं झालं आणि शेवटी डॉक्टरांनी तो सरळच्या सरळ कायमचा बसवून टाकला. "चालता येईल," ते म्हणाले, "वाकणार मात्र नाही." चालता आलं. पण माणूस नुसता चालत नाही, तो अधूनमधून घडी घालून कुठे कुठे बसतो, हे आपल्याला घडी मोडल्यावर कळतं.

दवाखान्यातून घरी आणायला मी भाड्याची गाडी बोलावली. छोटी होती. ही पाठमोरी शिरली, मग उजवा पाय घेतला, आणि डावा पाय बाहेर राहिला. ड्रायव्हरनं पुढची सीट सरकवली. मी ढकललं. दवाखान्याचा एक शिपाई धावत आला, "थांबा, तिरका घ्या," म्हणाला. कपाट जिन्यातून नेताना म्हणतात ना, तसं. रस्त्यावर दोन-चार माणसं उभी राहून बघायला लागली. त्यातल्या एकानं दुसऱ्या बाजूचं दार उघडून पाहण्याची सूचना केली. शेवटी आम्ही पाय खिडकीतून बाहेर काढून घरी आलो. घरी आल्यावर ही खिडकीपाशी खुर्चीवर बसली, पाय समोरच्या स्टुलावर ठेवला आणि त्यानंतर घराबाहेर पडली नाही. आमची छोटी गाडी विकून टाका म्हणाली. क्लच दाबायला डावा गुडघा वाकावा लागतो.

इथवरही मी सोसलं असतं. पण एके दिवशी वरच्या मजल्यावरचे शेजारी बसायला आले होते. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तरी पण' अशी करतात म्हणून आम्ही त्यांना तरीपण म्हणतो. त्यांना मी सांगत होतो की तरुणपणी मी कंपनीच्या छतावरच्या मोठ्या पंख्याच्या पात्यावर बसून तेल घातलं, आणि पंखा चालू होता. बोलता बोलता मी थांबलो. नेहमीची जागा आली होती. इथे आतून आवाज यायला हवा होता.

काही आलं नाही.

"चालू होता ना गं?" मी मुद्दाम विचारलं.

"हं," ही म्हणाली. खिडकीबाहेर बघत.

तरीपण तर हबकलेच. मला त्या रात्री झोप लागेना. ताप आला तर पारा चढतो, अंग झडलं तर कपडे सैल होतात. पण बायकोनं थाप न पकडता सोडून दिली तर कुठल्या डॉक्टरला दाखवायचं? दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला सांगितलं की माझी आई घोड्यावर बसून बाजाराला जायची. हिनं ऐकलं. "हं." आठवडाभर मी थापांचा डोस वाढवत नेला. माझे आजोबा वाघाचे जामीन राहिले होते इथवर पोहोचलो. "हं." आणि त्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. तिला खरंखोटं करण्यात रसच उरला नव्हता. तिची धाकटी बहीण टेकडीपलीकडे राहते. एरवी महिन्यातून एकदा तरी ही गाडी काढून तिकडे जायची. आता फोनवरही दोन मिनिटांत 'बरं, ठेवते' म्हणायला लागली.

हिला बाहेर काढायचं, एवढं मी ठरवलं. आणि कसं, हे ठरवायला सगळी इमारत मदतीला आली.

"तरी पण," तरीपण म्हणाले, "गाडीचा हट्ट कशाला? माझ्या ओळखीच्या एकानं व्हॅन घेतलीय. मागचं दार उघडतं, फळी खाली येते, की माणूस खुर्चीसकट वर. पट्टे लावले की हलायचं नाव नाही. ते टेबलं-कपाटंही नेतात त्यातून."

सेक्रेटरी बाई, ज्या आमच्या इमारतीचा कारभार पाहतात आणि ज्यांच्या हातात टेप नसेल तर त्या आजारी आहेत असं समजावं, त्या म्हणाल्या, "व्हॅन उंच असते. गेटच्या कमानीला लागेल. त्यापेक्षा ॲम्ब्युलन्स बोलवा हवी तेव्हा. झोपून जाता येतं."

हे सगळं आमच्याच खोलीत चाललेलं. खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल, त्याच्यासमोर, तो तिथे नसल्यासारखं. हिनं फक्त स्टुलावरचा पाय जरा सरकवला. मला एकदम तो शिपाई आठवला. मी म्हणालो, "गाडीच घेणार. लांब. पाय सरळ ठेवून बसता येईल, दारं रुंद असतील, आणि बसणारी व्यक्ती माणसासारखी बसेल."

बोलून गेलो खरा. आता इतकी लांब गाडी नवी घ्यायची तर मला पंख्यांची कंपनीच विकावी लागली असती. म्हणून जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. हा मनुष्य बोलायला इतका गोड की त्याच्याकडून उठताना शर्टाला मुंग्या लागल्यात का हे पाहावं. त्यानं मला आवाराच्या टोकाला नेलं आणि ताडपत्री ओढली.

काळी. रुंद. लांब तर इतकी, की पुढून बोलायला सुरुवात केली तर मागच्या दिव्यापर्यंत पोहोचेस्तोवर विषय बदलावा. ताडपत्रीखाली ती गाडी दबा धरून बसल्यासारखी वाटत होती.

"काका, आठ सिलिंडर," दलाल कुजबुजला. मोठ्यानं बोललं तर तिला जाग येईल असं त्याला वाटत असावं. "महामार्ग पोलिसांची होती. पाठलागाची. हिच्या हातून आजवर कोणी सुटलं नाही."

"मला कोणाला पकडायचं नाहीये. मागे पाय लांब करता येतो का?"

"पाय? काका, मागे संसार लांब करता येईल. आणि सगळं ऑटोमॅटिक बरं का!"

ऑटोमॅटिक म्हणजे काचा वगैरे असणार, असं मी समजलो आणि ऐटीत मान हलवली. मागच्या सीटवर आडवा बसून पाहिलं. पाय सरळ! दोन्ही! वर आणखी वीतभर जागा. मी तिथल्या तिथे गाडी घेऊन टाकली. पुढे बसून पाहायचं मला सुचलंच नाही.

सुचायला हवं होतं. किल्ली फिरवली तेव्हा जो आवाज झाला त्यानं आवारातले कबुतरांचे थवे उडाले, दलाल दोन पावलं मागे सरला, आणि मी उतरून दुसऱ्या बाजूनं पळालो. पोटात मेघ गरजत असलेलं जनावर, आणि त्याच्या पाठीवर मी! पायाचा अंगठा नुसता टेकवला की गाडी पुढच्या चौकात. म्हणून मी अंगठा न टेकवताच घरी आलो. ती आपली आपण जेवढी सरपटेल तेवढीच. वाटेत मला एका सायकलवाल्यानं मागे टाकलं, मग एका हातगाडीवाल्यानं, आणि शेवटी छडी टेकत चाललेल्या एका आजींनी; जाताना त्यांनी आत डोकावून "बरं वाटतंय ना?" असंही विचारलं.

गेटमधून आत आलो तर गाडीचं तोंड आमच्या जागेत, आणि शेपूट सार्वजनिक रस्त्यावर. सेक्रेटरी बाईंनी टेप लावला. पुन्हा लावला. मग टेपकडेच संशयानं पाहिलं. "ही तुमची गाडी तीन जणांच्या जागेत राहते," त्या म्हणाल्या, "सभा बोलवावी लागेल." सभेत ठरलं की गाडी तिरकी लावावी, तिरकी लावली तर जिन्याचं दार अडलं, मग ठरलं की ज्यांना जिना वापरायचाय त्यांनी गाडीच्या एका दारानं आत शिरून दुसऱ्या दारानं बाहेर पडावं. काही दिवस लोक तसे येत-जातही होते. तुम्हांला पटत नसेल तर सोडून द्या.

पण दारांचीच तर गंमत होती. पोलिसांची गाडी, मागची दारं आतून उघडतच नाहीत, आणि पुढच्या-मागच्या सीटमध्ये लोखंडी जाळी. पकडलेल्या माणसाची सोय. हे कळलं ते तरीपणांमुळे. ते सीट तपासायला म्हणून मागे बसले, "तरी पण गादी जरा कडक आहे" म्हणाले, आणि मी दार लावून त्यांच्यासाठी चहा सांगायला वर गेलो. वर गेल्यावर फोन आला. फोनवर पंख्यांच्या कंपनीतला जुना सहकारी. म्हणजे बोलणं लांबलं. मी चहा घेऊन खाली आलो तर गाडीभोवती ही गर्दी! आत जाळीमागे तरीपण, तोंड काचेला लावून, हातवारे करत. बाहेर लोक आपसांत बोलत होते.

"मला आधीच वाटलं होतं."

"दिसतात किती साधे!"

"कोण पकडायला आलंय?"

"साध्या वेशात आहेत. तो बघा, चहा घेऊन आला तो."

मी दार उघडलं. तरीपण बाहेर आले, चहाचा कप घेतला, सगळ्यांसमोर एका घोटात संपवला आणि तडक वर गेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी पाच-सहा जण धीर द्यायला येऊन गेले. त्यांच्या मेहुण्यानं तर चांगला वकीलही सुचवला.

मी सहज वर पाहिलं होतं. आमच्या खिडकीचा पडदा बाजूला झालेला, आणि त्यात हिचा चेहरा. ती हसत होती असं मी म्हणणार नाही. पण ओठ मुडपून घेतले होते, आणि ओठ मुडपायला आत काहीतरी असावं लागतं.

रात्री जेवताना मी ती हकिगत तिलाच सांगितली. त्यात तरीपण आत तीन दिवस अडकले होते आणि दाढी वाढली होती.

"हं," ही म्हणाली. पण हा 'हं' जरा लांब होता. शेवटाला किंचित वर गेला होता. मला तेवढ्यावर झोप लागली.

जाळी काढली, दारं दुरुस्त केली. आता फक्त गाडी माझ्या नावावर व्हायची होती. वाहनांच्या कचेरीत खिडकीपलीकडे एक साहेब बसले होते. साहेब अत्यंत सभ्य. माणूस सभ्य निघाला की काम होत नाही हे मला नोकरीमुळे ठाऊक. मी स्वतः सभ्य होतो.

"ही पाठलागाची गाडी आहे," साहेब म्हणाले. "सायरन काढल्याचा दाखला लागेल."

"सायरन नाहीच हिला."

"उत्तम. म्हणजे काढलेला आहे."

"हो."

"मग दाखला?"

"अहो, मी घेतली तेव्हाच नव्हता. माझ्यासमोर नाही काढला."

"आमच्याही समोर नाही," साहेब हळुवारपणे म्हणाले. "तीच तर अडचण आहे. काढताना आमच्या निरीक्षकांनी पाहायला हवा."

"पण नसलेला सायरन काढून कसा दाखवू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "असेल तर काढता येईल ना?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. रागवायला काही जागाच नव्हती. न पाहिलेल्या पंख्यांची काळजी मी जन्मभर केली. आता नसलेल्या सायरनची काळजी करणारा मला भेटला होता.

मग आमचा मेकॅनिक. हा कायम उदास असतो. गाडीचं झाकण उघडतो तेच मुळी समाचाराला आल्यासारखं. "सायरन मिळेल," तो सुस्कारा टाकून म्हणाला, "बसवतो. एक दिवस आपल्या सगळ्यांचंच काही ना काही काढायचंय." त्यानं कुठून तरी एक सायरन पैदा केला, बसवला, आणि चालतो का पाहायला तारेला तार लावली. चालला. मग थांबेना. तार काढली तरी थांबेना. मेकॅनिक म्हणाला, "चालायचंच," आणि हात पुसायला लागला.

मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी तशीच घेऊन कचेरीकडे निघालो. आणि मंडळी, उभ्या आयुष्यात मला असा रस्ता मिळाला नव्हता. ट्रक कडेला, बस कडेला, चौकातल्या हवालदारानं खाडकन सलाम ठोकला. मला तर अंगठा टेकवायचं धाडस नाही. तेव्हा कानठळ्या बसवणारा सायरन आणि मागे बैलगाडीच्या चालीनं मी, असा तो पाठलाग चालला होता. कोणीतरी फार हळू पळून जात असणार, असं लोकांना वाटलं असावं. दोन मोटारी तर घाबरून माझ्यापुढे चालायला लागल्या आणि कचेरीच्या दारात उतरून हात वर करून उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांतली माणसं. निरीक्षकांनी सायरन पाहिला, ऐकला, कान झाकून 'काढा' म्हणाले, मेकॅनिकनं काढला. आणि गाडी माझी झाली.

त्या दिवशी मी घरी आलो तो स्वतःवरच खूश होऊन. ही खिडकीपाशीच होती. मी म्हणालो, "चल, उद्या धाकटीकडे जाऊ."

"मी नाही येत."

"अगं, गाडी तुझ्यासाठी घेतलीय."

"मला कळतं ते." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लोक उभे राहून बघतात हो. तुम्हांला नाही समजायचं. मला चढवायचं, मला ठेवायचं, मला उतरवायचं. सगळे चांगलेच असतात. पण मला असं वाटतं की मी कोणाचं तरी सामान आहे."

आता यावर थाप सुचेना. मी पहिल्यांदाच काही न जोडता म्हणालो, "कोणी हात लावणार नाही तुला. मीसुद्धा नाही. तुझी तू बसायचं, कुठे बसायचं ते तू बघ."

दुसऱ्या दिवशी ती तयार होऊन आली. काठी टेकत लिफ्टनं खाली. तरीपण, सेक्रेटरी बाई, सगळे आपापल्या कामानिमित्त गाडीपाशीच होते. त्या दिवशी इमारतीतल्या सगळ्यांची कामं तिथेच निघाली होती. मी मागच्या सीटवर उशी मांडली होती, पायाखाली घ्यायला दुसरी, पाठीला तिसरी. तरीपण पुढे सरसावले. मी त्यांचा सदरा धरून ठेवला.

हिनं गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. सावकाश. प्रयोगशाळेत नमुना आला की ती आधी बाटली उजेडात धरायची, तशी बघत होती. मागचं दार उघडलं, उशा पाहिल्या. पुढचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं, बराच वेळ. "उशा छान आहेत," म्हणाली.

आणि मग आम्ही निघालो. ही मागे राणीसारखी, पाय लांब करून. पुढे मी. आणि त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! गेटमधून ती अजस्र गाडी मी एका झटक्यात अशी काढली की सेक्रेटरी बाईंच्या हातातला टेप आपोआप गुंडाळला गेला. गावाबाहेर आलो तसा अंगठा टेकवला. अंगठा कसला, अख्खा पाय! आठही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले. ज्या सायकलवाल्यानं मला मागे टाकलं होतं तो वाटेत दिसला. मी त्याला इतक्या वेगानं ओलांडलं की तो उलटा चालतोय असं मला वाटलं, आणि त्यालाही तसंच वाटून तो घरी परत गेला.

मग टेकडीचा रस्ता. वळणावर वळण. एका वळणावर पाहतो तर पुढे एक लांबलचक काळी गाडी, तिचे लाल दिवे अगदी माझ्या नाकासमोर. मी हॉर्न दिला. ती बाजूला होईना. पुन्हा दिला. मग नीट पाहिलं तर ती आमचीच शेपूट! वळण इतकं घट्ट आणि गाडी इतकी लांब, की मी मलाच मागे टाकायच्या बेतात होतो. मागून हिचा आवाज आला, "अजून थोडं." कित्येक महिन्यांनी त्या आवाजात मला तिचा जुना आवाज ऐकू आला. मी अजून थोडं केलं.

धाकटी फाटकातच उभी होती. गाडीचं दार उघडलं. कोणी हात दिला नाही. हिनं आधी काठी बाहेर टेकली, मग तो सरळ पाय, मग आपली आपण उभी राहिली. दोघी बहिणी एकमेकींना धरून तशाच थांबल्या. मी जरा लांब जाऊन गाडीचा टायर तपासला. टायर ठीक होता.

"तरी पण," तरीपण म्हणाले, "एवढ्या लवकर पोचलात कसे?"

कारण हे सगळं मी परत आल्या आल्या, आमच्या गेटपाशीच, गाडीला टेकून त्यांना सांगत होतो. उतरलो तो मंडळी जमलेलीच होती; सेक्रेटरी बाई, तरीपण, उदास मेकॅनिकही कुठून तरी आला होता. निघताना त्यांनी सगळं पाहिलेलं असलं तरी अशी बैठक मिळाल्यावर मी कशाला थांबतो?

"लवकर?" मी म्हणालो. "अहो, आम्ही पोचलो आणि पाहतो तर गाडीला सावलीच नाही! एवढ्या वेगात ती कुठे टिकते? मागे राहिली बिचारी वळणावर. आम्ही चहा घेतला, धाकटीनं खायला केलं ते खाल्लं, तेव्हा कुठे ती धापा टाकत फाटकातून आत आली, आणि गाडीखाली शिरून—"

सर्रकन् काच खाली आली. स्टिअरिंगच्या बाजूची.

"अहो, पुरे झालं!" ही म्हणाली. तिचा एक हात स्टिअरिंगवर होता. "मंडळी, यांचं काही ऐकू नका. गाडी मी चालवली. जाताना मी, येताना मी. क्लच नाही हिला, डाव्या पायाचं कामच काय? हे मागे होते, तिन्ही उशा पोटाशी धरून, डोळे मिटून 'हळू घे, हळू घे' करत. आणि सावली कसली मागे राहते हो? सकाळपासून ढगाळ होतं!"